‘घरी वाचून घ्या’

दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागात ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग 2’ हा तिसरा पाठ आहे. मानवी प्रजननसंस्था, मासिक पाळी, गर्भधारणा, लैंगिक आरोग्य हे सारे त्यात क्रमाने आले आहे. परीक्षेत त्यावर प्रश्नही येतात. तरीही कित्येक वर्गांत हा पाठ मान वर न करता उरकला जातो, किंवा ‘घरी वाचून घ्या’ एवढ्यावर संपतो. मुले पुस्तक घेऊन घरी येतात. रत्नागिरीच्या बाजारपेठेतल्या घरात वडील गल्ल्यावर असतात, आई स्वयंपाकात आणि आजी माळ घेऊन सामायिकात बसलेली असते. शाळेने जे घरावर सोपवले, ते घरात कोणीच उचलत नाही. उरतो तो मोबाइल, आणि तो मात्र सगळे सांगतो, सांगू नये तेही.

हे मौन एकाएकी आलेले नाही. 2005 मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आखला. एड्सपासून बचाव हा त्याचा मोठा हेतू होता. त्यातील साहित्य, विशेषतः चित्रे, शाळकरी वयाला अनुचित आहेत असा आक्षेप निघाला. 2007 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळात निरनिराळ्या पक्षांच्या आमदारांनी आवाज उठवला आणि राज्यात हा विषय थांबला. विरोधात जैन समाजाचा स्वर ठळक होता. आचार्य विजय रत्नसुंदरसूरीश्वरजी महाराजांनी या प्रश्नावर जाहीर भूमिका घेतली आणि विषय राज्यसभेच्या याचिका समितीपर्यंत गेला. व्यंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीने 2009 मध्ये शाळांत लैंगिक शिक्षण नको, असा निष्कर्ष दिला.

आक्षेपात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. लहान वयाला काय दाखवावे याचा विवेक हवाच, आणि संयमाचे मूल्य अभ्यासक्रमातून गाळले तर पालक अस्वस्थ होणारच. परंतु अयोग्य पुस्तक बंद झाल्यावर योग्य पुस्तक कोणी लिहायचे, हा प्रश्न तसाच राहिला. त्याच 2007 साली केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने बालशोषणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह 13 राज्यांतील 12,447 बालकांशी बोलून तो केला होता. त्यांतील 53.22 टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचे लैंगिक शोषण सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलगेही मुलींइतकेच होते. शोषण करणारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी घडलेले कोणालाच सांगितले नव्हते. सांगायला आधी शब्द लागतात, आणि ऐकणारा रागावणार नाही याची खात्रीही लागते.

रत्नागिरी जिल्ह्याला हा वाद नवा नाही. दापोलीजवळच्या मुरूडच्या कर्वे घराण्यातले रघुनाथराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र. ते नऊ वर्षांचे असताना, 1891 मध्ये, त्यांची आई बाळंतपणात गेली. पुढे गणिताचे प्राध्यापक झालेल्या रघुनाथरावांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कामापायी महाविद्यालयातली नोकरी गेली, तरी 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. वाचक पत्रे लिहून शंका विचारीत आणि ते सरळ उत्तरे देत. त्या उत्तरांवरूनच 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात आहे. खटला हरला, दंड भरावा लागला, मासिक मात्र थांबले नाही. रघुनाथरावांची सगळी मते जैन श्रावकाला पटणार नाहीत. ब्रह्मचर्याविषयीची तर मुळीच नाहीत. पण त्या पत्रांतून दिसणारी लोकांची भीती आणि अज्ञान खोटे नव्हते.

खरे तर जैन परंपरेला या विषयाचा उच्चार वर्ज्य नाही. श्रावकाचे चौथे अणुव्रत स्वदारसंतोषाचे आहे. प्रतिक्रमणात वंदित्तु सूत्र म्हटले जाते तेव्हा या व्रताचे पाच अतिचार नावानिशी उच्चारले जातात. संवत्सरीला घरातली मुलेही मोठ्यांच्या शेजारी कटासण्यावर बसून ते ऐकतात. भाषा प्राकृत असल्याने कोणी दचकत नाही आणि कोणी अर्थही सांगत नाही. पाठशाळेत सूत्र पाठ करून घेतले जाते, शाळेत धडा उरकला जातो. दोन्हीकडे शब्द आहेत, समजावणारा नाही.

मुलींच्या बाबतीत हे अधिक बोचते. मासिक पाळी सुरू झाली की देरासरात जायचे नाही, पूजेच्या वस्तूंना शिवायचे नाही, हे नियम त्याच दिवशी कळतात. शरीरात नेमके काय घडते आहे, ते मात्र पुष्कळदा दहावीच्या त्या पाठातच वाचायला मिळते, तोवर तीन-चार वर्षे उलटलेली असतात. नियम पाळणाऱ्या घरानेच कारणही आधी सांगितले असते, तर मुलगी घाबरली नसती.

दरम्यान कायदा पुढे गेला आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील मुलगा-मुलगी दोघांनाही संरक्षण दिले आणि गुन्हा माहीत असणाऱ्यावर तो कळवण्याचे बंधन घातले. अब्रू जाईल, पेढीचे नाव खराब होईल म्हणून प्रकरण घरातल्या घरात मिटवणे हाही आता गुन्हा ठरतो. राज्य शासनाने मार्च 2022 मध्ये शाळांत ‘सखी सावित्री समिती’ नेमण्याचा निर्णय घेतला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये असे मत नोंदवले की हे शिक्षण नववीपासून नव्हे, त्याहून लहान वयापासून द्यावे. किशोरवयीनांसाठी शासकीय रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ आहेत. तेथे समुपदेशक बसतो.

सखी सावित्री समितीत पालकांनाही स्थान आहे. मुलाच्या शाळेतली समिती प्रत्यक्ष बसते की कागदावरच आहे, तिसरा पाठ कोण आणि कसा शिकवतो, हे पालकसभेत विचारता येते. व्यापारी वडील त्या सभेला सहसा जात नाहीत. दुपारची वेळ असते आणि दुकान उघडे असते.