आजींचा आवाज

हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ यांनी गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या जमविल्या. एक लाखाहून अधिक. त्यांत शिरूर तालुक्यातील सविंदणे गावच्याही ओव्या आहेत.

आम्हालाही दौंडजवळच्या एका आजींच्या ओव्या मोबाइलवर उतरवून घ्यायच्या होत्या. आजी थकत चालल्या होत्या. आम्ही स्वस्तातला कंडेन्सर माईक आणला. आजी तासभर गायल्या. ऐकतो, तर नुसती खरखर! आवाज जणू विहिरीतून येतो.

"माझाच गळा बसलाय, बाबा," आजी म्हणाल्या.

दोष गळ्याचा नव्हता. या माईकच्या पोटात केसाहून पातळ पडदा असतो. आवाजाने तो थरथरतो. त्यातून अगदी क्षीण वीज निघते. तिला बळ द्यायला माईकला बाहेरून वीज लागते. बहुतेकांना 48 व्होल्ट. मोबाइल देतो जेमतेम दोन-तीन. माईक राहतो उपाशी. मग मोबाइल आवाज ताणून मोठा करतो, त्याबरोबर खरखरही वाढते.

48 व्होल्टचा वेगळा डबा मिळतो. दुकानदार त्याला 'फँटम पॉवर' म्हणतात. त्याच्या वायरीही वेगळ्या. त्या मागून घ्याव्यात. डबा जोडला, खरखर गेली.

तरी आवाज घुमत होता. डोक्यावर पत्रा, भिंती उघड्या. सुनेने दोरीवर गोधड्या टाकल्या, पंखा बंद केला. आणखी एक चूक आमचीच! असल्या बऱ्याच माईकांत शेंड्याकडून नव्हे, बाजूने बोलायचे असते. तेही एकाच बाजूने. माईक फिरवला, तोंडापासून वीतभर ठेवला.

आजी पुन्हा गायल्या. मग कान देऊन ऐकू लागल्या.

"अगं बाई, ही तर मीच!"