फिरणारी धार

कोल्हापुरात रस्त्याच्या कडेला गटाराचे झाकण उघडून पाण्याच्या टाकीची गाडी उभी असलेली तुम्ही पाहिली असेल. पूर्वी तुंबलेल्या गटारात माणूस उतरत असे. आतील विषारी वायूने कित्येकांचे जीव गेले. 2013 च्या कायद्याने अशा धोकादायक कामावर बंदी घातली. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाला 30 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. आता माणसाऐवजी गाडीची नळी आत सोडायची. सगळी करामत तिच्या टोकावरील मुठीएवढ्या नोझलमध्ये आहे.

गाडीचा पंप पाण्यावर हवेच्या दाबाच्या सुमारे 150 पट दाब देतो. त्यामुळे नोझलच्या बारीक छिद्रांतून पाणी सेकंदाला शंभर मीटरहून अधिक वेगाने सुटते. काही छिद्रांची तोंडे मागे असतात. धार मागे जाते, म्हणून नोझल पुढे सरकते आणि नळीला ओढत नेते. काही छिद्रे तिरकी असतात. त्यांच्यामुळे नोझलचे डोके बागेतल्या फवाऱ्यासारखे गरगर फिरते. (फवारा म्हणजे तुमच्या उर्दूतला फव्वाराच!) अशा रीतीने पाइपाची आतली बाजू सगळीकडून धुतली जाते.

डोके जितके जोरात फिरेल तितके चांगले, असे तुम्हांला वाटेल. मलाही तसेच वाटले होते. पण अंगणात नळी धरून ती झटपट गोल फिरवून पाहा. धार तुटते आणि नुसते थेंब उडतात. थेंबांनी घट्ट बसलेला गाळ निघत नाही. म्हणून इंजिनिअर या डोक्याला चक्क ब्रेक लावतात. काही नोझलमध्ये त्यासाठी दाट तेल भरतात, तर काहींत लोहचुंबक बसवतात.

दुसरी अडचण फटीची. फिरणारा भाग घट्ट बसवला तर तो अडकतो. सैल ठेवला तर दाब वाया जातो. म्हणून केसाहून बारीक फट ठेवून थोडे पाणी मुद्दाम गळू देतात. तेच पाणी वंगणाचे काम करते. इतक्या बारीक मापाची किंमत शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्या कारागिराला विचारा.

ही धार माणसाची कातडी फाडू शकते. त्यामुळे नळी परत ओढताना नोझल बाहेर येण्याआधीच पाणी बंद करावे लागते. ती वेळ कळावी म्हणून नळीच्या शेवटच्या भागावर ठळक रंगाची खूण करतात.