तळाचा थर

नवजात उंदराची कातडी डिस्पेजच्या द्रावणात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली की सकाळी तिची बाह्यत्वचा चिमट्याने अलगद सोलून निघते. उजेडात धरली तर आरपार दिसेल इतकी ती पातळ असते. ट्रिप्सिनने तिच्यातल्या पेशी सुट्या करायच्या आणि प्लेटमध्ये पेरायच्या. यात वेळ फारसा जात नाही. खरा वेळखाऊ भाग म्हणजे मीडिया तयार करणं. सीरममध्ये मुळातच भरपूर कॅल्शियम असतं. ते चेलेक्स रेझिनने काढून टाकायचं आणि मग मोजून 0.05 मिलिमोलरपर्यंत आणायचं. नवीन विद्यार्थ्यांना मी सर्वांत आधी हेच शिकवते, कारण इथे हयगय झाली तर पुढचं सगळं वाया जातं.

कॅल्शियम एवढं कमी असलं की पेशी तळाच्या थरातल्यासारख्या वागतात. त्या विभागत राहतात आणि एकमेकींना चिकटत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यामधल्या फटी स्पष्ट दिसतात. कॅल्शियम वाढवलं की काही तासांतच त्या पसरतात आणि फटी बुजतात. नेमक्या वेळी प्लेट फिक्स करून ई-कॅडहेरिन रंगवलं तर फार सुंदर दृश्य दिसतं. शेजारच्या दोन पेशींनी एकमेकींत बारीक फाटे खुपसलेले असतात. फाट्यांच्या टोकांशी जमलेल्या ठिपक्यांच्या दोन समांतर ओळी होतात, आणि जॅकेटची चेन ओढावी तशा त्या मिटत जाऊन एकच रेघ उरते. 2000 साली एलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेने याचं बारकाईने वर्णन केलं. ते मी कितीदा वाचलं असेल, पण स्वतःच्या प्लेटमध्ये त्या दोन ओळी दिसल्या की अजूनही काम थांबवून बघत बसते.

आतला बदल याहून मोठा. तळाच्या पेशीत 5 आणि 14 क्रमांकाच्या केराटिनची जनुकं चालू असतात. पेशी वर सरकू लागली की ती मंदावतात आणि 1 व 10 क्रमांकाची चालू होतात. डीएनए तोच राहतो, त्यातलं काय वाचायचं तेवढं बदलतं. प्लेटमध्ये हे बघायचं तर कॅल्शियम 0.12 च्या आसपास ठेवावं. एकदम खूप वाढवलं तर पेशी चटकन जुळतात, पण केराटिन 1 आणि 10 नीट उमटत नाहीत. या सगळ्याच्या मुळाशी पी63 हे नियामक प्रथिन आहे. ज्यांच्यात ते नाही असे उंदीर जन्मतात तेच थरावर थर चढलेल्या बाह्यत्वचेशिवाय. 1999 साली हे कळलं.

फुक्स यांनी प्रिन्स्टनला डॉक्टरेट केली ती जिवाणूंच्या बीजाणूंवर. त्वचेकडे त्या वळल्या एमआयटीत हॉवर्ड ग्रीन यांच्याकडे. ग्रीन आणि राइनवॉल्ड यांनी 1975 साली माणसाच्या त्वचेच्या पेशी प्लेटमध्ये वाढवण्याची पद्धत दिली होती. तिच्या जोरावर फुक्स यांनी केराटिन हाती घेतलं, आणि 1980 पासून शिकागोत स्वतःच्या प्रयोगशाळेत ते पुढे नेलं.

त्यांच्या कामातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते 1991 चं. त्या काळी रिवाज होता तो आधी रोग घ्यायचा, मग रुग्णांच्या कुटुंबांतून जनुक शोधत जायचं. त्यांच्या गटाने उलटी वाट धरली. केराटिन 14 बिघडवलं तर धागे कसे कोसळतात हे त्यांना पेशींत आधीच कळलं होतं. तेच बिघडलेलं जनुक उंदरांत घातलं, तर पिल्लांच्या अंगावर फोड आले. नुसत्या घासण्यानेही तळाच्या पेशी फुटत होत्या. मग प्रश्न आला, माणसात असं कुठे दिसतं? उत्तर होतं एपिडर्मोलायसिस बुलोसा सिम्प्लेक्स. या आजाराच्या मुलांना कुशीत घेतानाही जपावं लागतं. रुग्णांच्या केराटिन 14 मध्ये 125 व्या जागी आर्जिनिनऐवजी दुसरंच अमिनो आम्ल निघालं. एका अक्षराची चूक, आणि सबंध थर दुबळा. कोणत्या रोगाकडे जायचं हे न ठरवता, प्रथिन काय करतं एवढ्याच प्रश्नाला चिकटून राहिल्याने हे हाती लागलं. संशोधनासाठी निधी मागताना आज आधी रोगाचं नाव लिहावं लागतं, तेव्हा मला हे प्रकरण हमखास आठवतं.

2002 पासून फुक्स न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात आहेत. 2017 साली तिथे श्रुती नाईक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एकदा दाह होऊन गेलेल्या त्वचेतल्या मूळपेशी तो विसरत नाहीत. दाह ओसरला, कातडी पूर्ववत दिसू लागली, तरी डीएनएचे काही भाग उघडेच राहतात. त्या जागी पुढे जखम केली तर ती सुमारे अडीच पट वेगाने भरते, आणि दाहाला सहा महिने उलटल्यावरही ही आठवण शाबूत असते. जखमेसाठी ही चांगलीच गोष्ट. पण सोरायसिस बरा होऊन पुन्हा त्याच कोपरावर, त्याच गुडघ्यावर का उठतो, याचंही कारण कदाचित यातच असेल.

ते वाचल्यापासून मोठ्या उंदरांची कातडी घेताना मी नोंदवहीत एक रकाना वाढवला आहे. एका पिंजऱ्यातले नर भांडतात, चावतात. खरचटलेलं वरून भरून आलेलं असलं, तरी कोणत्या उंदराला कुठे आणि कधी लागलं होतं, हे पेशी वेगळ्या करण्याआधी लिहून ठेवायचं.