काढून टाका एकदाचं!

आमच्या एका काकांचा प्रोस्टेटच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी घरात दोन तट पडले. रिपोर्टमध्ये ‘ग्लीसन स्कोअर ३+३=६’ असं लिहिलं होतं आणि हे माप दहापर्यंत जातं, एवढं कुणीतरी सांगितलं होतं. काका निवृत्त शिक्षक. म्हणाले, “दहापैकी सहा म्हणजे फर्स्ट क्लास की!” सुनेला मात्र सहा म्हणजे अर्ध्याच्या पुढे गेलेला आजार वाटला. ती पाण्याचं निमित्त करून आत गेली.

दोघांचाही हिशेब चुकला होता. मिनियापोलिसच्या डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली मांडलेल्या या पद्धतीत सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथीची ठेवण किती विस्कटली आहे, याला १ ते ५ अंक देतात. सर्वांत जास्त दिसणाऱ्या ठेवणीचा अंक आधी, दुसऱ्या क्रमांकाच्या ठेवणीचा नंतर, आणि दोन्हींची बेरीज. म्हणून ३+४ आणि ४+३ या दोन्हींची बेरीज सात भरली, तरी दुसरा आजार जास्त दांडगा. आता बायोप्सीत १ आणि २ हे अंक जवळपास देतच नाहीत. म्हणजे मोजणी सहापासूनच सुरू होते. काकांचा सहा हा या मापावरचा सर्वांत खालचा आकडा होता. तरीही त्या रात्री घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं: “काढून टाका एकदाचं!”

या वाक्यात चूक काही नाही. कॅन्सर म्हटलं की तो शरीराबाहेर पाहिजे, ही भावना साहजिकच आहे. पण प्रोस्टेटचा कॅन्सर या भावनेला दाद देत नाही. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते आणि मण्यातून दोरा ओवावा तशी मूत्रनलिका तिच्यामधून जाते. मणी काढायचा तर दोरा कापून पुन्हा जोडावा लागतो. त्यात लघवी रोखणाऱ्या यंत्रणेचा आतला भाग जातो आणि सगळा भार बाहेरच्या स्नायूवर येतो. लिंगाला ताठरता आणणारे मज्जातंतू याच ग्रंथीच्या दोन्ही कडांना चिकटून जातात. ते नेमके कुठून जातात, हेच शल्यविशारदांना बराच काळ नीट ठाऊक नव्हतं. नेदरलँड्समधल्या लायडनचे निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर यांनी १९८१ मध्ये मृत जन्मलेल्या अर्भकाच्या विच्छेदनात ते अमेरिकेच्या पॅट्रिक वॉल्श यांना दाखवले. पुढच्याच वर्षी वॉल्श यांनी ते वाचवून पहिली शस्त्रक्रिया केली. आज रोबो आला, टाके बारीक झाले, पण ही जागा तेवढीच अडचणीची राहिली आहे.

मग काढणं, किरणं देणं आणि नुसती नजर ठेवणं यांत माणूस जगतो कशाने? याचं सर्वांत भक्कम उत्तर ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ या अभ्यासाने दिलं. १९९९ ते २००९ या काळात ५० ते ६९ वयाच्या ८२,४२९ पुरुषांची पीएसए ही रक्तचाचणी झाली. ग्रंथीपुरता मर्यादित कॅन्सर सापडलेल्यांपैकी १,६४३ जण चिठ्ठी टाकल्यासारख्या वाटपाला तयार झाले. कुणाच्या वाट्याला शस्त्रक्रिया आली, कुणाच्या रेडिएशन, कुणाच्या देखरेख. पंधरा वर्षांनंतरचे निकाल २०२३ मध्ये आले. प्रोस्टेटच्या कॅन्सरने मृत्यू देखरेखीच्या गटात ३.१ टक्के, शस्त्रक्रियेत २.२ आणि रेडिएशनमध्ये २.९. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक नगण्य. या काळात इतर सगळी कारणं धरून पाचातल्या एकाहून थोडे जास्त जण गेले. म्हणजे हृदय, फुप्फुसं आणि इतर आजारांनी या कॅन्सरला केव्हाच मागे टाकलं होतं.

पण एवढंच सांगून थांबणं लबाडीचं होईल. देखरेखीच्या गटात आजार शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण ९.४ टक्के होतं, बाकी दोन्ही गटांत पाचच्या आसपास. आणि त्या गटातल्या दहातल्या सहा जणांनी पंधरा वर्षांत कधी ना कधी शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन घेतलंच. काहींचा आजार खरंच वाढला होता, काहींना नुसती धास्ती सोसली नाही.

या अभ्यासातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट निकालातली नाहीच, सुरुवातीची आहे. आधी चिठ्ठीच्या वाटपाला लोक तयारच होईनात, जेमतेम तीस-चाळीस टक्के होकार देत. जेनी डोनोव्हन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी डॉक्टर-रुग्णांच्या संभाषणांच्या टेप ऐकल्या. डॉक्टर तिसऱ्या पर्यायाला ‘वॉचफुल वेटिंग’ म्हणत होते आणि रुग्णांना ऐकू येत होतं, ‘मी मरतोय आणि हे बघत बसणार’. नाव बदलून ‘अ‍ॅक्टिव्ह मॉनिटरिंग’ केलं. तिन्ही पर्याय सारख्याच वजनाने मांडायला शिकवलं. होकार सत्तर टक्क्यांवर गेला. औषध तेच, आजार तोच, फक्त शब्द बदलले! मराठीत आपण अजून ‘काही न करता थांबणं’ असंच म्हणतो आणि मग घरचे विचारतात, “म्हणजे हात वर केले का?” वास्तविक दर काही महिन्यांनी पीएसए, अधूनमधून एमआरआय, पुन्हा बायोप्सी, असा हा बऱ्यापैकी कामाचा पर्याय आहे.

उरतो रोजच्या जगण्याचा हिशेब, आणि तिथे तिन्ही वाटा वेगळ्या होतात. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष लघवी गळते म्हणून पॅड वापरत होते. बाराव्या वर्षीही २४ टक्के; देखरेखीत ११, रेडिएशनमध्ये ८. पुरेशी ताठरता सुरुवातीला ६७ टक्क्यांना होती. सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात १२ टक्क्यांना उरली, रेडिएशनच्या गटात २२, देखरेखीत ५२. रेडिएशनचं दुखणं मागच्या बाजूला, कारण गुदाशय ग्रंथीला खेटूनच आहे. बाराव्या वर्षी त्या गटातल्या १२ टक्क्यांना शौच गळण्याचा त्रास होता, बाकीच्यांत ६ टक्क्यांना. आपल्याकडे हे आकडे सासऱ्यांसमोर कुणी उच्चारत नाही. दवाखान्यात मुलगा बाहेर थांबतो आणि काका डॉक्टरांना “बाकी सगळं ठीक” म्हणून उठतात.

“डॉक्टर, तुमचे वडील असते तर?” हा आपला हुकमी प्रश्न. मला तो फारसा उपयोगाचा वाटत नाही. अमेरिकेत २००० साली छापून आलेल्या एका पाहणीत ९३ टक्के युरॉलॉजिस्टनी शस्त्रक्रियाच निवडली, तर रेडिएशनवाल्यांपैकी ७२ टक्क्यांना दोन्ही उपचार सारखेच वाटले. ज्याच्या हाती जे हत्यार, त्याचा त्यावर विश्वास. म्हणून दोघांकडेही जावं, आणि घाईने नको. सहाच्या आकड्याचा आजार दोन-तीन आठवड्यांत हातचा जात नाही.

मात्र हे सगळं तपासणीत लवकर सापडलेल्या, ग्रंथीपुरत्या आजाराचं झालं. आपल्याकडे बरेच पुरुष लघवी अडली किंवा कंबर दुखायला लागली की मगच तपासणीला येतात. तशा आजाराला प्रोटेक्टचे आकडे लावणं धोक्याचं. पीएसए तपासणी रुळण्याआधीच्या, लक्षणांवरून सापडलेल्या रुग्णांवर स्वीडन, फिनलंड आणि आइसलँडमध्ये अभ्यास झाला होता. त्यात ६९५ जण होते आणि शस्त्रक्रियेने तेवीस वर्षांच्या हिशेबात सरासरी २.९ वर्षांचं आयुष्य मिळालं. दांडग्या आजारात हार्मोन रोखण्याचं औषध आणि रेडिएशन जोडीने देतात. किरणं किती भागावर द्यावीत, यावर मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी २२४ रुग्णांवर अभ्यास केला. ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींवरही किरणं दिलेल्यांत पाच वर्षांनी ९५ टक्के जणांचा पीएसए पुन्हा चढला नव्हता. फक्त प्रोस्टेटवर दिलेल्यांत हे प्रमाण ८१.२ टक्के होतं.

रेडिएशनच्या खेपाही कमी होत चालल्या आहेत. प्रोटेक्टमध्ये ३७ होत्या, पुढे वीसवर आल्या आणि निवडक रुग्णांत आता पाचांत काम भागतं. उपचारांसाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम टाकलेल्या बुलढाण्याच्या माणसाला या आकड्याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको.

काकांनी दोन डॉक्टर गाठले. दुसऱ्याला विचारलं, “पर्वती चढायची आहे रोज. कशात जमेल?” डॉक्टर हसले, मग बराच वेळ बोलले. आता त्यांच्या कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, दर तीन महिन्यांनी, लाल पेनाने ‘पीएसए’ लिहिलेलं असतं. मागच्या खेपेला तो ६.२ होता, या खेपेला ६.०. सुनेने तो आकडा दोनदा वाचला आणि रिपोर्ट लाइट बिलाच्या फायलीत लावून टाकला.