परागकण मोजा, जुनं हवामान ओळखा!

विज्ञान शिक्षकांनो, वर्गात हा प्रयोग करून बघाच! 🌼

परागकणाचं कवच इतकं चिवट, की तळ्याच्या गाळात ते हजारो वर्षं टिकतं. १९१६ मध्ये स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी थराथरांतले परागकण मोजून जुन्या जंगलांचे आलेख मांडले.

👉 बरणीत मातीचे तीन थर भरा. त्यांत परागकण म्हणून रंगीत मणी मिसळा: पांढरे गवताचे, पिवळे भूर्जाचे, हिरवे ओकचे.
👉 मुलांना थरागणिक मणी मोजून टक्केवारी काढू द्या.

तळाच्या जुन्या थरात गवत जास्त, मध्ये भूर्ज, वरच्या नव्या थरात ओक? उत्तर युरोपात हिमयुग सरून ऊब वाढल्याची ही खूण!

मात्र वाऱ्यावर उडणारे पराग दूरवर पोहोचतात. म्हणून परागांची टक्केवारी म्हणजे झाडांची टक्केवारी नव्हे, हेही मुलांना आवर्जून सांगा.