ग्रँड लेकचं उलटं पाणी

संडासाची टाकी आधी, मोरीची नंतर. हा क्रम चुकवायचा नाही. कोलोरॅडोतल्या टिंबर क्रीक कॅम्पग्राउंडच्या डंप स्टेशनवर सकाळी पुतण्या हातमोजे चढवता चढवता मला बजावत होता, "आणि काका, तुम्ही कशालाच हात लावू नका."

आरव्हीच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, पोटाखाली दोन दांडे असतात. तीन इंची लवचीक नळीचं एक टोक गाडीला पिळून बसवायचं, दुसरं जमिनीतल्या भोकात घालायचं आणि ते उसळू नये म्हणून बुटाने दाबून धरायचं. ब्लॅक टँकचा दांडा ओढला की नळी थरथरते, घळघळ आवाज होतो, आणि तो थांबेपर्यंत सगळे डोंगर बघत उभे राहतात. मग ग्रे टँक, म्हणजे आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी. हे साबणाचं पाणी मागून आलं की नळी आतून धुऊन निघते. क्रमामागचं कारण एवढंच. पिण्याच्या पाण्याची नळी पांढरी, तिचा खण वेगळा, तिच्यासाठी हातमोजेही दुसरे. सोवळंओवळं मानत नाही म्हणणारा हा मुलगा या कामात माझ्या आजीपेक्षा कडक आहे.

आमची गाडी पंचवीस फुटी, पाण्याची टाकी चाळीस गॅलनची, म्हणजे साधारण दीडशे लिटर. या कॅम्पवर गाडीला नळ किंवा वीज जोडायची सोय नाही, त्यामुळे जे भरून आणलं त्यातच भागवायचं. शॉवरखाली अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण, पुन्हा नळ. तांदळाच्या धुवणात पहिली भांडी विसळायची. उंची ८,९०० फूट, पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर नुसती नाचते, शिजत नाही. पुतणसुनेने घरून तीन लिटरचा कुकर आणला होता म्हणून वरण मिळालं, तेही फोर्ट कॉलिन्सच्या घरापेक्षा दोन शिट्ट्या जास्त घेऊन.

कॅम्पवरून ग्रँड लेक गाव दक्षिणेला पंधरा-सोळा किलोमीटर. वाटेत कावुनीची नावाच्या दरीत कोलोरॅडो नदी दिसते. पुढे ग्रँड कॅनियन कोरणारी हीच ती, पण इथे आपल्या ओढ्याएवढी. काठच्या झुडपांत एक मूस मादी गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्यापायी दहा गाड्या खोळंबल्या. अधूनमधून रस्त्याकडेचे डोंगर काळ्या खांबांनी भरलेले. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ईस्ट ट्रबलसम वणवा इथून गेला. त्याने १,९३,००० एकरांवर रान जाळलं, शेकडो घरं खाल्ली आणि झाडं नसलेला उघडा माथा ओलांडून ठिणग्यांनी पलीकडच्या उतारावरही आग लावली. गाव रातोरात रिकामं करावं लागलं होतं, पण वाचलं.

गाव १८८१ पासूनचं, ८,३६९ फुटांवर. एकच मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना फळ्यांचा पदपथ, आइस्क्रीम, फज, टोप्या. आरव्ही दोन गाड्यांची जागा खाते म्हणून ती गावाच्या कडेला लावून चालत फिरलो. इथला यॉट क्लब जगातला सर्वांत उंचावरचा म्हणवतो, आणि त्याच्या शर्यतीचा चांदीचा कप चहावाल्या सर थॉमस लिप्टननी दिलेला आहे. एवढं झालं की बाजार संपतो. मला बघायचं होतं ते पाणी.

ग्रँड लेक हे कोलोरॅडो राज्यातलं सर्वांत मोठं आणि खोल नैसर्गिक सरोवर. निसर्गाने त्याचं पाणी पश्चिमेला सोडलं होतं: सरोवरातून नदीत, नदीतून पुढे पॅसिफिकच्या दिशेने. आता सरोवराखाली शॅडो माउंटन आणि त्याच्याखाली ग्रॅनबी अशी दोन धरणं आहेत. ग्रॅनबीत साठलेलं पाणी पंपांनी उचलून शॅडो माउंटनमध्ये टाकतात, आणि तिथून ते एका कालव्यासारख्या अरुंद वाटेने ग्रँड लेकमध्ये शिरतं. त्या वाटेवरच्या पुलावर उभे राहिलो. खाली एक काटकी, थोडा फेस आणि पाणवनस्पतीचा तुटका झुपका सावकाश सरोवराकडे चालले होते. म्हणजे पंप चालू होते. ते बंद असते तर हीच काटकी उलट गेली असती.

सरोवराच्या पूर्व टोकाला, वेस्ट पोर्टल रोड संपतो तिथे, हे पाणी पर्वताखालून पूर्वेला नेणाऱ्या अ‍ॅडम्स बोगद्याचं तोंड आहे. कुंपण, काँक्रीट, लोखंडी जाळी; एवढ्या मोठ्या कामाचा दर्शनी भाग पंपहाउसइतकाच रुक्ष. खोदाई १९४० मध्ये सुरू झाली, दोन्ही बाजूंनी. १९४४ मध्ये टोकं भेटली तेव्हा फरक एका इंचाहूनही कमी होता. १९४७ मध्ये पाणी सुटलं. बोगदा १३.१ मैल, म्हणजे २१ किलोमीटर, आणि सगळं पाणी निव्वळ उताराने जातं. ज्या पर्वतरांगेवरून आम्ही ट्रेल रिज रोडने १२,१८३ फुटांपर्यंत चढून, दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत आलो, तिच्याच पोटातून ते पलीकडे निघतं. पूर्ण क्षमतेने सेकंदाला ५५० घनफूट. हिशेब केला: आमची टाकी एका सेकंदात शंभर वेळा भरेल.

एवढ्या खटाटोपाचं कारण साधं आहे. या राज्यात बर्फ-पाऊस बहुतेक पश्चिमेला, माणसं आणि शेती बहुतेक पूर्वेला. मी चिपळूणचा, मला हे समजायला नकाशा लागत नाही. आमच्याकडे कोयना पूर्वेला जाणारी. १९६२ पासून तिचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला, पोफळीच्या वीजगृहात उतरवलं जातं. कृष्णा लवादाने त्यासाठी ६७.५ टीएमसी ठरवून दिलं. वीज झाली की ते अवजल वाशिष्ठीत येतं, आणि भर मे महिन्यातही आमची नदी वाहती असते. ते कुणाच्या वाट्याचं, हा प्रश्न चिपळुणात फारसा कुणी विचारत नाही; तो कऱ्हाड-सांगलीकडे विचारतात.

इथेही तो सरोवराकाठचे विचारतात. शॅडो माउंटन उथळ आहे, उन्हाळ्यात तापतं, शेवाळ धरतं, आणि ते पाणी ग्रँड लेकमध्ये ढकललं जातं. पाण्याची नितळता मोजायला सेकी डिस्क वापरतात: काळी-पांढरी वाटोळी चकती दोरीने खाली सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. प्रकल्पाआधी, १९४१ मध्ये, ती ९.२ मीटरपर्यंत दिसली होती. आता उन्हाळ्यात सरासरी ३.८ मीटर हे उद्दिष्ट आहे, आणि ते गाठायलाही पंपांच्या वेळा सांभाळाव्या लागतात. पंचाईत अशी की काठच्या लोकांना नितळ पाणी जुलै-ऑगस्टमध्ये हवं असतं, आणि पलीकडच्या मक्यालाही पाणी तेव्हाच लागतं. धक्क्यावरून वाकून बघितलं तर दीड-दोन मीटरवरचे दगड दिसत होते, त्याखाली हिरवट धूसर. पलीकडच्या शेतकऱ्याची बाजू मला पटते. पण मी अवजलावर वाढलेला माणूस, माझं मत एकतर्फी धरावं.

पुतण्या मात्र बोगद्याच्या जाळीपाशी बराच वेळ घुटमळला. त्याच्या शहराचं सुमारे निम्मं पाणी हॉर्सटूथ जलाशयातून येतं, आणि हॉर्सटूथ भरतो तो याच बोगद्याने.

"म्हणजे घरच्या नळाला आहे ते हेच?" सून म्हणाली.

"बरंचसं."

"आणि इथे मला केस धुवायला अडीच मिनिटं. घरी मात्र तुझं लॉन पहाटे चाळीस मिनिटं भिजतं."

पुतण्या म्हणाला, स्प्रिंकलरचा टायमर पस्तीस मिनिटांवर आहे.