कमी आवाजात खरे सांगणारा हेडफोन

गणेशोत्सव महिना-दीड महिन्यावर आला, की कोल्हापूरच्या पेठांत मंडळांच्या गाण्यांची गडबड सुरू होते. कुणाला मंडळाचे नाव गुंफलेले गाणे हवे असते, कुणाला पोवाडा, कुणाला भजनाचे रेकॉर्डिंग, तर कुणाला रीलपुरती हलगी. यातले बरेचसे काम आता स्टुडिओत होत नाही. माडीवरची खोली, एक लॅपटॉप, एक माइक, खिडकीला टेकवलेली गादी आणि डोक्यावर हेडफोन एवढ्यावर भागते. दिवसा रिक्षांचे हॉर्न आणि शेजारचा कुकर मध्ये येतो, म्हणून बसायचे रात्री. जेवण करून बसलेला मुलगा दोन-अडीचपर्यंत उठत नाही. माइक घेताना त्याने चार जाणकारांना विचारलेले असते; हेडफोन मात्र मोबाइलबरोबर आलेला, नाहीतर ‘बेस जबरदस्त’ म्हणून उचललेला असतो.

अशा हेडफोनवर केलेले गाणे फसले, हे पहिल्याच मिरवणुकीत कळते. कान बिघडत चाललाय, हे कळायला मात्र वर्षे जातात. दोन्हींचे मूळ बऱ्याच अंशी एकच असते.

याच शहरात १९३२ मध्ये ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट केला. पार्श्वगायन अजून आलेले नव्हते. नटाने कॅमेऱ्यासमोर गायचे आणि वादकांनी चौकटीबाहेर बसून साथ करायची, अशी तेव्हाची रीत. सगळ्यांच्या कानावर एकाच जागेतला, खरा आवाज पडत असे. आज घरी गाणे करणाऱ्याला हा आवाज मिळतो तो हेडफोनच्या दोन पडद्यांतून, आणि ते पडदे जे सांगतील तेच त्याला खरे मानावे लागते.

बाजारातल्या बहुतेक स्वस्त हेडफोनमध्ये खालचा, म्हणजे खर्जाकडचा आवाज मुद्दाम फुगवलेला असतो. ऐकायला त्यात मजा येते. पण गाणे करणाऱ्याला ढोलकीच्या डाव्या बाजूचा घुमारा आहे त्याहून मोठा वाटतो, म्हणून तो तो कमी करतो. तेच गाणे दुसऱ्याच्या गाडीत लावले की पोकळ वाजते. तिखटाने भाजलेल्या जिभेने रश्श्याचे मीठ ठरवावे, तसला हा प्रकार. स्टुडिओसाठी बनवलेले, ज्यांना ‘मॉनिटर’ म्हणतात ते हेडफोन आवाज फारसा सजवत नाहीत. पहिल्या दिवशी ते फिके वाटतात. आठवडाभर दम धरावा.

फुगवलेल्या बेसचा दुसरा तोटा कानाच्या रचनेतून येतो. खालच्या पट्टीचा जोरदार आवाज वरच्या पट्टीतल्या आवाजांना झाकतो. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘थ’ ही व्यंजने वरच्या पट्टीत असतात. बेसखाली शब्द बुडाले की गाणे करणारा काय करतो? आवाज वाढवतो. त्याबरोबर बेसही वाढतो आणि शब्द पुन्हा बुडतात. रात्री अकराला ५० टक्क्यांवर असलेला आवाज एक वाजता ८० टक्क्यांवर पोहोचलेला असतो. दरम्यान कान सरावल्यामुळे त्याला तो वाढल्याचे जाणवतही नाही.

आतल्या कानात, शंखासारख्या वळलेल्या नळीत, प्रत्येक बाजूला साधारण १५ हजार संवेदी केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्यांचे टोकाचे तंतू वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. फार मोठा किंवा फार वेळ चाललेला आवाज या पेशींना थकवतो. मिरवणुकीनंतर कानात दडे बसतात, बारीक शिट्टी वाजत राहते, ती याच थकव्याची खूण. दुसऱ्या दिवशी दडे सुटतात आणि माणूस निर्धास्त होतो. पण २००९ मध्ये उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले बरेच जोड कायमचे तुटलेले होते.

मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांत उगवते, १९८०च्या दशकात कोंबडीच्या पिलांवरील प्रयोगांतून हे समोर आले. कोल्हापुरात रश्श्यात जाणाऱ्या कोंबडीला जे जमते, ते खाणाऱ्याला जमत नाही. गळ्याचेही तसे नाही. शाहू महाराजांच्या दरबारी गवयी झालेले अल्लादियाखाँ त्याआधी अतिगायनामुळे आवाज गमावून बसले होते. तो पूर्वीसारखा झाला नाही, पण परतला, आणि त्या बदललेल्या गळ्यातून त्यांनी आपली गायकी घडवली. गेलेल्या कानाला अशी दुसरी संधी नसते.

नुकसान बहुधा ४ हजार हर्ट्झच्या आसपास आधी सुरू होते. नेहमीचे बोलणे ऐकू येत असते, त्यामुळे शंका येत नाही. गर्दीत समोरचा काय बोलला ते नीट न कळणे, ही घरच्यांच्या लक्षात येणारी पहिली गोष्ट. संगीत करणाऱ्याच्या बाबतीत तो ही उणीव नकळत भरून काढू लागतो: झांज, टाळ, ‘स’कार जास्त टोकदार ठेवतो आणि इतरांना त्याची गाणी कर्कश वाटू लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी दिलेले माप असे: ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास. प्रत्येक ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास, ९२ ला अडीच तास. रोज चार तास, आठवड्यातून सहा रात्री बसणाऱ्याचे २४ तास होतात. त्याची मर्यादा ८२ डेसिबलच्या आसपास येते. त्याच आठवड्यात मिरवणुकीत डॉल्बीसमोर उभे राहणे झाले, तर हिशोब तिथेच संपतो. (टेपवरची खरखर कमी करणारे तंत्र देणाऱ्या संशोधकाचे आडनाव आपल्याकडे आवाजाच्या भिंतीला चिकटावे, ही गंमतच. त्या कंपनीचा या भिंतींशी काही संबंध नाही.)

घरी डेसिबल मोजणे सोपे नाही, कारण मोबाइलवरचे मीटर हेडफोनच्या आतला आवाज नीट मोजत नाही. त्यापेक्षा एक साधी युक्ती बरी. काम सुरू करताना, कान ताजे असताना, शब्द जेमतेम स्पष्ट कळतील इतकाच आवाज ठेवायचा आणि बटणाजवळ पेनने किंवा नेलपॉलिशने खूण करायची. रात्रभर त्या खुणेपुढे जायचे नाही. ऐकू येईनासे झाले, तर दहा मिनिटे हेडफोन काढून ठेवायचा. मिक्सिंगच्या दृष्टीनेही हेच योग्य. कानाला कमी आवाजात खर्ज आणि तार दोन्ही कमी जाणवतात, मोठ्या आवाजात जास्त, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले. मोठ्याने केलेले मिक्सिंग भरदार भासते आणि आवाज कमी करताच उघडे पडते.

आता खरेदीचे. कमी आवाजात ऐकता यायचे, तर बाहेरचा गोंगाट आत येता कामा नये. म्हणून एकच जोडी घ्यायची असेल, तर पूर्ण कान झाकणारी, मागून बंद असलेली घ्यावी. मागून जाळी असलेले खुले हेडफोन मिक्सिंगला मोकळे, हवेशीर वाटतात. पण त्यातून ठेक्याचा आवाज बाहेर पडतो आणि गाताना माइकमध्ये शिरतो. शिवाय पेठेतल्या खोलीत बाहेरचे सगळे आत येते.

दुसरी अट वायरची. ब्लूटूथमध्ये आवाज पोहोचायला साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद उशीर होतो. २०० मिलिसेकंदांत हवेतला आवाज सुमारे ६८ मीटर जातो. थोडक्यात, तबलजी मैदानाच्या पलीकडे बसला आहे आणि गायक इकडे समेवर यायचा प्रयत्न करतो आहे. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत हा उशीर जवळजवळ अर्ध्या मात्रेचा. ऐकायला ब्लूटूथ ठीक, गायला-वाजवायला नाही. मोबाइलला वायरचे भोक नसेल, तर टाइप-सीवरून साडेतीन मिलिमीटरचे भोक देणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो.

किमती वरखाली होत राहतात, पण चार ते सहा हजारांच्या पट्ट्यात ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स सहसा बसतो, आणि घरच्या कामाला तो पुरतो. आठ ते बारा हजारांत त्याच घराण्यातला एम४०एक्स, सेनहायझरचा एचडी २८० प्रो आणि सोनीचा एमडीआर-७५०६ येतात. एचडी २८० प्रो बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत अडवतो, असे कंपनी सांगते. मात्र तो डोक्याला चांगलाच घट्ट बसतो. एम४०एक्सची वायर निघते, म्हणजे वायर तुटली तर हेडफोन टाकावा लागत नाही. यापलीकडच्या खर्चाने सुरुवातीला फार काही हाती लागत नाही. हजार-दोन हजारच असतील, तर बेसची जाहिरात न करणारे वायरचे इन-इअर घ्यावेत. पावसाळ्यात मात्र ते जपून वापरावेत: ओल्या कानात कोंदून राहिलेल्या इअरफोनने बुरशीचा संसर्ग वाढतो, आणि एकच जोडी चौघांनी फिरवणे तर टाळावेच.

खोक्यावरच्या आकड्यांपैकी ओहम तेवढा पाहावा. २५० ओहमचा हेडफोन मोबाइलवर मिणमिणता वाजतो. ३२ ते ६४ ओहम बरे. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ हे सगळ्यांवर छापलेले असते, त्यावरून काही कळत नाही. ‘७.१ सराउंड’ खेळांसाठी. नामांकित जोडी निम्म्या किमतीत मिळत असेल, तर ती नकली असण्याचीच शक्यता अधिक.

दुकानात पारख करायला गाणे न नेता तानपुरा न्यावा, मिरजेच्या चांगल्या जवारीच्या तानपुऱ्याचे स्वच्छ रेकॉर्डिंग. काळी एकला पुरुषाचा षड्ज १३९ हर्ट्झच्या जवळ, तर खर्जाची तार ६९ च्या. आवाज अगदी कमी ठेवून चारही तारा वेगळ्या ओळखू येतात का आणि जवारीचा झंकार शेवटपर्यंत टिकतो का, हे ऐकावे. बेस फुगवलेला असेल, तर खर्ज बाकीच्या तारांना गिळतो. त्यानंतर ओळखीच्या माणसाचे नुसते बोलणे ऐकावे. तो सर्दी झाल्यासारखा वाटला, तर पुढची जोडी मागावी. दोन जोड्यांचा आवाज सारखा ठेवूनच तुलना करावी, कारण जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो आणि हे दुकानदाराला आपल्याहून आधी माहीत असते.

गाणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. बोटांनी दोन्ही कान बंद करून गुणगुणले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. तो हाडांतून आलेला असतो. बंद हेडफोनमध्ये तेच होते आणि सूर ढळतो. म्हणून जुने गायक एका कानावरचा कप मागे सरकवतात. तसे करताना त्या बाजूचा ट्रॅक बंद करावा, नाहीतर तानपुरा माइकमध्ये गळतो.

कानातली शिट्टी दिवसभरानंतरही थांबत नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओग्राम काढून घ्यावा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर वाट पाहू नये; पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या उपचारांना महत्त्व असते.

कोल्हापूरच्या दमट पावसाळ्यात कृत्रिम चामड्याच्या पॅडला घाम आणि ओल लागते, आणि वर्ष-दोन वर्षांत कानाभोवती काळा चुरा दिसू लागतो. फाटलेल्या पॅडमधून, तसेच चष्म्याच्या जाड दांड्याखालून, खर्ज गळतो आणि हात पुन्हा आवाजाच्या बटणाकडे जातो. काम झाले की पॅड कोरड्या कापडाने पुसावेत, आणि त्या मॉडेलचे सुटे पॅड मिळतात का, हे हेडफोन घेतानाच विचारून ठेवावे.